आधी फूटपट्टी, मग फळझाड

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा हा मजकूर. बोलण्याच्या ओघातले शब्द शक्यतो तसेच ठेवले आहेत.)



कार्यक्रम ठरला तेव्हा सेक्रेटरींनी माझ्यापुढे दोन विषय ठेवले. एक ‘निवृत्तीनंतरचं आर्थिक नियोजन’ आणि दुसरा ‘घरची फळबाग’. मी दुसरा घेतला. पहिल्या विषयावर मला एवढंच सांगायचंय, की ठेवीच्या पावतीवर वारसाचं नाव घाला आणि ती पावती कुठं ठेवलीय ते घरात सांगून ठेवा. झाला विषय.

दुसऱ्या विषयाला निमित्तही आहे. रौप्यमहोत्सवानिमित्त प्रत्येक घराला एक नारळ आणि एक आंबा अशी दोन रोपं भेट द्यावीत, असा ठराव येत्या सर्वसाधारण सभेत येणार आहे. हेतू चांगलाच आहे, त्याबद्दल कार्यकारिणीचं अभिनंदन. पण या ठरावावर मला थोडी हरकत नोंदवायची आहे. आयुष्यभर कर्जाचे अर्ज तपासले, त्यामुळे चांगल्या अर्जातसुद्धा खोट काढायची सवय लागली, असं म्हणा हवं तर. हरकत काय ती शेवटी सांगतो. आधी माझी स्वतःची चूक सांगतो, म्हणजे हरकत कशासाठी ते आपोआप कळेल.

पंचवीस वर्षांपूर्वी इथं काय होतं, ते जुन्या सभासदांना आठवत असेल. नुसता माळ. पाय ठेवला की मुरूम खचखच वाजायचा. उन्हाळ्यात वारा असा, की वाळत घातलेला टॉवेल दोन प्लॉट पलीकडं सापडायचा. पंचतारांकित एमआयडीसी नाव ऐकून पाहुणे यायचे आणि विचारायचे, ‘यातले तारे कुठले?’ मी म्हणायचो, ‘रात्री या, सगळे दिसतात.’ सावलीला एक झाड नव्हतं. त्यामुळे घर बांधून झालं, की प्रत्येकानं काय केलं? दिसेल ते रोप आणलं आणि मोकळी दिसेल तिथं लावलं. मीही तेच केलं.

माझा हापूस

२००२ च्या जूनमध्ये एका टेम्पोवाल्याकडून मी आंब्याचं कलम घेतलं. ‘गॅरंटीचा हापूस’ म्हणाला. पावती मागितली नाही. बँकेत पावतीशिवाय एक रुपया न हलवणारा माणूस मी, पण दारात टेम्पो आला आणि भुललो. शेजारच्या भिंतीपासून चार फुटांवर खड्डा घेतला. का, तर मधली जागा स्कूटरला लागत होती.

दुसऱ्या उन्हाळ्यात कलमाचा शेंडा वाळला. वाईट वाटलं. पण पाऊस पडल्यावर खालून तरतरीत फूट आली आणि झाड असं उफाळलं, की आम्ही घरात पेढे वाटायचेच बाकी होतो. आठव्या वर्षी फळ धरलं. कापलं तर नुसत्या दोऱ्या, आणि आंबट असं की डोळे मिटावेत! झालं होतं काय, की वर बांधलेली हापूसची काडी मेली होती आणि जोडाच्या खालून जी फूट आली, ती खालच्या रायवळ खुंटाची होती. आठ वर्षं मी खुंटाला पाणी घातलं. ‘लोणच्याला झकास आहे हो,’ म्हणून आमच्या मंडळींनी माझी लाज राखली.

इथं पहिला धडा लिहून ठेवा. कलम घेताना जोड बघायचा. बुंध्यावर वितीच्या आसपास उंचीला तिरकी खूण किंवा गाठ दिसते. ती स्पष्ट हवी आणि दोन्हीकडचं लाकूड एकजीव झालेलं हवं. लावल्यावर जोड मातीच्या वर राहिला पाहिजे. आणि जोडाच्या खालून येणारी प्रत्येक फूट नखानं खुडून टाकायची, ती कितीही तरतरीत असली तरी. तीच तर आधी तरतरीत येते. रोप शासनमान्य रोपवाटिकेतून किंवा कृषी विद्यापीठाच्या विक्रीतून घ्या आणि पावतीवर जातीचं नाव लिहून घ्या.

पण आंबट आंबा ही माझी लहान चूक. मोठी चूक होती त्या चार फुटांची.

झाड दहा-अकरा वर्षांचं झालं आणि निम्मं शेजाऱ्यांच्या अंगणात गेलं. त्यांच्या सोलर हीटरवर दुपारपर्यंत सावली, पन्हळीत पाला, मोहोराच्या दिवसांत तुडतुड्यांचा चिकटा त्यांच्या मोटारसायकलीवर. आमचे शेजारी फौंड्रीतले, रात्रपाळी करून आलेला माणूस. सकाळी अंघोळीला गरम पाणी नाही. एक दिवस भिंतीवरून म्हणाले, ‘सायेब, आंबा तुमचा आन् पाला आमचा, ह्यो कुठल्या बँकेचा हिशेब?’ मी हसून सोडून द्यायला हवं होतं आणि दुसऱ्याच दिवशी फांद्या उतरवायला हव्या होत्या. मी काय म्हणालो? ‘झाड माझ्या हद्दीत आहे.’

पुढं आम्ही आठ दिवस लेकीकडं पुण्याला गेलो. परत आलो तर भिंतीच्या रेषेत फांद्या सपासप तोडलेल्या. मी सोसायटीकडं लेखी तक्रार केली. ती अजून दप्तरात असेल, कुणी वाचू नये ही विनंती. त्यानंतर सहा वर्षं आम्ही बोललो नाही. गणपतीच्या आरतीला मी डावीकडं, ते उजवीकडं. त्यांच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका आली होती, रीतसर, हळदीकुंकू लावून. आमची मंडळी गेली, मी गेलो नाही. त्या मुलीला मी शाळेच्या गणिताची बेरीज-वजाबाकी शिकवली होती. आंबट आंब्यापेक्षा ही गोष्ट मला जास्त लागून राहिलीय.

हे सगळं त्यांची परवानगी घेऊनच सांगतोय. ते समोर तिसऱ्या ओळीत बसलेत.

एक झाड, एक गुंठा

आता हिशेब बघा. गुंठा म्हणजे किती? तेहेतीस फूट गुणिले तेहेतीस फूट, म्हणजे १०८९ चौरस फूट. आणि आंब्याचं जुनं, पूर्ण वाढीचं लागवडीचं अंतर किती? दहा मीटर गुणिले दहा मीटर, म्हणजे तेहेतीस फूटच. थोडक्यात, छाटणी न करता वाढू दिलेला एक आंबा एक गुंठा खातो. चिकूचंही अंतर तेवढंच. आपल्यातल्या बहुतेकांचे प्लॉट दीड-दोन गुंठ्यांचे, त्यात घर, पार्किंग, पाण्याची टाकी. मागं दहा फूट, बाजूला पाच फूट उरतात. त्यात आपण नारळ, आंबा, चिकू, फणस असे चार जण बसवतो. हे म्हणजे पाच हजार पगारावर चार कर्जं मंजूर केल्यासारखं झालं. पहिली तीन वर्षं काही कळत नाही. हप्ते सुरू झाले की कळतं.

१९९० साली महाराष्ट्र शासनानं रोजगार हमी योजनेशी जोडून फळबाग लागवडीची योजना काढली. त्या काळात कामानिमित्त आजरा-चंदगडकडच्या काजूच्या आणि आंब्याच्या बागा मी पाहिल्या. तिथले शेतकरी लागवडीच्या दिवशीच दोरी घेऊन उभे असायचे. एवढंसं बोटभर रोप आणि दुसरं रोप पार तिकडं लांब. मला वाटायचं, किती जागा वाया! एक म्हातारे मला म्हणाले, ‘साहेब, मी आजचं रोप बघत न्हाई, पंधरा वर्सांचं झाड बघतोय.’ हे वाक्य मी ऐकलं, घरी आलो आणि चार फुटांवर खड्डा घेतला. ऐकणं आणि करणं यात फरक असतो तो असा.

म्हणून रोप आणायच्या आधी टेप घ्या. प्लॉटचा कागदावर नकाशा काढा. त्यावर ड्रेनेज, सेप्टिक टँक, पाण्याची पाइप, विजेच्या तारा, सोलर आणि शेजाऱ्याची भिंत दाखवा. सकाळी आणि दुपारी ऊन कुठं येतं ते बघा, फळझाडाला दिवसातले पाच-सहा तास तरी ऊन लागतं. मग उरलेल्या जागेत वर्तुळं काढा. अंतरं सांगतो. बागेतली पूर्ण अंतरं अशी : नारळ पंचवीस फूट, पेरू वीस, लिंबू वीस, सीताफळ सोळा, डाळिंब पंधरा बाय दहा, पपई सात-आठ फूट. घरी आपण छाटणी ठेवली तर पेरू, लिंबू, सीताफळ बारा फुटांत बसतात. बुंधा भिंतीपासून त्याच्या निम्म्या अंतरावर, म्हणजे किमान सहा फुटांवर हवा. एवढी जागा नसेल, तर तिथं झाड लावायचं नाही. झुडूप किंवा वेल लावायचा.

मोठी झाडं

नारळ आपल्याकडं येतो, छान येतो. पण एक झावळी पंधरा-अठरा फूट लांब असते आणि ती कधी पडणार ते आधी सांगत नाही. खाली गाडी असते, नातवंडं खेळतात. उंच जातीचा नारळ सहा-सात वर्षांनी फळाला येतो, तोवर ठीक. पुढं काढायला माणूस मिळत नाही, मिळाला तर झाडामागं पैसे घेतो. ज्यांच्याकडं मोकळा कोपरा आहे त्यांनी जरूर लावावा, शहाळ्यासाठी ठेंगणी जात घ्यावी. पाच फुटांच्या बोळात मात्र नको. नारळ असलाच, तर गेंडा भुंग्यासाठी शेंड्याकडं लक्ष ठेवा. कोवळी झावळी पंख्यासारखी कातरलेली दिसली, की समजा तो आत शिरला होता.

आंबा ज्यांना लावायचाच आहे, त्यांनी हापूसचा हट्ट सोडावा. हापूस कोकणातल्या हवेचा लाडका. एक वर्ष देतो, एक वर्ष रुसतो, वर फळात साका धरतो. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठानं नीलम आणि हापूस यांच्या संकरातून ‘रत्ना’ ही जात १९८१ साली दिली. ती दरवर्षी धरते आणि तिच्यात साका नाही. केसरही आपल्या बाजूला चांगला येतो. अगदी कमी जागा असेल तर ‘आम्रपाली’, ही दिल्लीच्या पुसा संस्थेची, दशेरी आणि नीलम यांच्या संकराची ठेंगणी जात. ती अडीच मीटरवरही लावतात. फळ लहान, पण दर वर्षी येतं. कोणताही आंबा असो, फळं उतरल्यावर लगेच छाटणी करा आणि झाड दहा-बारा फुटांवर रोखा. शिडीशिवाय हात पोचला पाहिजे, हा साधा नियम.

जांभूळ, फणस, चिंच ही झाडं माझ्या अत्यंत आवडीची. पण घराच्या प्लॉटमध्ये नाहीत. जांभळाच्या दिवसांत खाली पांढरी गाडी लावून बघा, म्हणजे कळेल. या झाडांची जागा आपल्या सोसायटीच्या मोकळ्या भूखंडात आहे. त्याकडं मी शेवटी येतो.

हाताला येणारी झाडं

पेरू हे माझ्या मते आपल्या माळाचं पहिलं फळ. मुरमाड जमीन चालते, तिसऱ्या वर्षी फळ देतो, छाटणी सोसतो. जात ‘सरदार’ घ्या, तिलाच ‘लखनौ ४९’ म्हणतात. नाव लखनौचं असलं, तरी तिचा जन्म आपल्या पुण्यातला. गणेशखिंडच्या फळ संशोधन केंद्रात डॉ. चिमा यांनी १९२७ साली अलाहाबादी सफेद्याच्या रोपांतून ती निवडली. डाळिंबाची ‘गणेश’ ही जातही त्यांनी तिथंच निवडली. पावसाळ्यातल्या पेरूत अळ्या होतात, त्या फळमाशीच्या. त्यासाठी फवारणी करत बसू नका. गंधाचा सापळा टांगा, दापोलीच्या विद्यापीठाचा ‘रक्षक सापळा’ त्यासाठीच आहे. पडकी फळं रोज उचलून खोल पुरा. त्याहून सोपं म्हणजे, पेरू हिवाळ्यात येईल असा मृग बहार धरा. थंडीतला पेरू गोडही आणि स्वच्छही.

सीताफळाला खडकाळ, हलकी जमीन आवडते. पाला शेळ्या-गुरं खात नाहीत, त्यामुळे कुंपण नसलं तरी जगतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये उघडंबोडकं होतं, तेव्हा मेलं समजून उपटू नका. आमच्या ओळीत एकांनी ते केलंय.

लिंबाची ‘साई सरबती’ ही राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची जात चांगली. लिंबाला एक गोष्ट मानवत नाही, ती म्हणजे बुडाशी साचलेलं पाणी. आणि दुसरी, बांधकामाचा राडारोडा. सिमेंट-चुन्याच्या मातीत पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. मग आपण दुकानातून औषध आणतो. औषध नको, आधी माती बदला. कोवळ्या पानांवर पक्ष्याच्या शिटेसारखी काळी-पांढरी अळी दिसेल. ती फुलपाखराची. हातानं वेचून टाकली की झालं.

पपई लावल्यापासून वर्षाच्या आत फळ देते. साध्या बियांची रोपं असतील तर नर-मादी वेगळी निघतात. म्हणून एका खड्ड्यात तीन लावा, फुलं आली की बघून नर काढा. ‘तैवान ७८६’ लावलीत तर ती भानगड नाही. बुडाशी पाणी साचलं की खोड कुजतं, म्हणून उंचवट्यावर लावा. आपल्या माळाचा वारा लक्षात घेऊन भिंतीच्या आडोशाला लावा आणि काठी बांधा.

शेवगा आणि कढीपत्ता ही फळझाडं नव्हेत, पण त्यांच्याशिवाय घरची बाग पुरी होत नाही. शेवगा दारात लावू नये म्हणतात. त्यात शास्त्र एवढंच, की त्याचं लाकूड ठिसूळ, वाऱ्यात फांदी मोडून अंगावर येते. मागच्या बाजूला लावा, दर वर्षी कमरेपर्यंत छाटा, शेंगा हाताला येतील.

झुडपं आणि वेल

पाच फुटांच्या पट्ट्यात काय लावायचं, हा आपला खरा प्रश्न. तिथं झुडपं लावा. तुतीची काडी खोचली की येते, फुकट येते आणि मुलं शाळेतून येताना तिथंच थांबतात. करवंद हे तर आपल्या डोंगराचं, पन्हाळा-गगनबावड्याकडं रानोमाळ आहे. कुंपणाला लावलंत तर काटेरी तार लागत नाही. फालसा, रायआवळा हेही छाटून लहान ठेवता येतात. डाळिंब शोभेला एखादं ठेवा, पण आपल्या पावसात तेल्या रोगानं फळं तडकतात, त्यामुळे फार आशा ठेवू नका.

वेलांत द्राक्षाचा मोह सगळ्यांना होतो, कारण तासगाव-सांगलीकडचे मांडव आपण पाहतो. पण ते मांडव दिसतात, त्यामागची एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची फळछाटणी आणि मधल्या फवारण्या दिसत नाहीत. घराच्या खिडकीशी एवढ्या फवारण्या करणं मला तरी पटत नाही. त्यापेक्षा पॅशन फ्रूटचा वेल घ्या. जाळीवर पसरतो, फूल बघत राहावं असं, फळाचं सरबत उत्तम. जांभळ्या फळाची जात घ्या, पिवळीला बहुधा दुसऱ्या रोपाचा पराग लागतो. चार-पाच वर्षांनी वेल थकतो, तेव्हा नवा लावायचा. मिरवेल फक्त त्यांनी लावावा, ज्यांच्याकडं नारळाची सावली आणि ओल आधीच आहे. तोंडली मात्र सगळ्यांनी लावावी. चांगल्या फळणाऱ्या वेलाची काडी आणायची, बी नाही. एकदा लागली की वर्षानुवर्षं भाजी.

खड्डा, खत आणि पहिले दोन उन्हाळे

आपल्या जमिनीचं खरं दुखणं खाली आहे. वर वीतभर माती, खाली कडक मुरूम. खड्डा घेतला की तो हौदासारखा होतो. म्हणून खड्डा उन्हाळ्यात घ्या, मोठ्या झाडाला तीन फूट लांब, रुंद, खोल. मग तो पाण्यानं भरा. सकाळी बघा. पाणी तसंच असेल तर तळ आणखी फोडा, नाहीतर जागा बदला. ही परीक्षा कुठल्याही माती-तपासणीच्या आधीची आणि फुकटची.

भरताना निम्मी चांगली माती, बाकी कुजलेलं शेणखत, थोडी निंबोळी पेंड. आपल्याकडं साखर कारखान्याची मळी मिळते, ती पूर्ण कुजलेलीच वापरा. ताजी मळी गरम पडते, मुळं भाजते. धनगरांच्या मेंढरांचं लेंडीखत मिळालं तर सोन्याहून पिवळं. आपल्या पट्टणकोडोलीच्या बाजूला विचारा, मिळतं. दोन चांगले पाऊस झाले, की जून-जुलैत रोप लावा. प्लॅस्टिकची पिशवी आधी फाडून काढा. हसू नका, मी पिशवीसकट पुरलेली रोपं पाहिली आहेत. आणि पिशवीत मुळांनी वेटोळी घातली असतील, तर असं रोप घेऊच नका.

मग पहिले दोन उन्हाळे. झाड मरतं ते पहिल्या दोन उन्हाळ्यांतच. बुडाशी उसाचं पाचट चार बोटं जाड पसरा, खोडाला टेकू देऊ नका. निम्मं पाणी वाचतं. आपल्या जिल्ह्यात पाचट जाळणारे पुष्कळ आहेत, मागितलं तर देतात.

भिंतीवरची तोंडली

आता राहिलेली गोष्ट. ऑगस्ट २०१९ चा महापूर सगळ्यांना आठवतो. पंचगंगेनं काठ सोडले, शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला, वाहतूक कित्येक दिवस बंद होती. आपण माळावर, त्यामुळे घरात पाणी आलं नाही. पण दूध नाही, भाजी नाही, पेट्रोलला रांगा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी आमच्या मंडळींनी परसात फेरी मारली. कच्ची पपई, शेवग्याचा पाला, कढीपत्ता, लिंबं, तोंडलीचा एक मांडव होता त्याची दोन-तीन ओंजळी तोंडली. मला न विचारता त्यांनी निम्मी भाजी परातीत घातली आणि भिंतीवरून हाक मारली, ‘वहिनी, घ्या.’ पलीकडून परात रिकामी आली नाही. तिच्यात गूळ-शेंगदाण्याचे लाडू होते.

दोन दिवसांनी मीच भिंतीशी गेलो. काय बोलावं सुचेना. म्हणालो, ‘गरम पाणी येतंय का सोलरला?’ ते म्हणाले, ‘पावसात कुठलं येतंय, सायेब?’ दोघंही हसलो. सहा वर्षं एवढ्यात संपली. ती आधीच संपवता आली असती, हे त्यानंतर कळलं.

त्या हिवाळ्यात परवानगी काढून मी तो आंबा उतरवला. लोक म्हणाले, खोडावर नवीन कलम बांधा, जुन्या झाडाचं तसं करता येतं. येतं, खरं आहे. पण जात बदलली असती, जागा बदलली नसती. दोर धरायला ते स्वतः आले होते. बुंधा पडला तेव्हा मला वाईट वाटलं. सतरा वर्षं पाणी घातलं होतं. ते काही बोलले नाहीत, नुसते शेजारी उभे राहिले.

त्या जागी आता भिंतीला जाळी लावून तोंडली चढवलीय. मूळ माझ्याकडं, फळं दोन्हीकडं. त्यांची मुलगी माहेरी आली की तिचा लहान मुलगा भिंतीवर चढून तोंडली तोडतो. कच्चीच खातो. मी ओरडत नाही.

माझी सूचना

तर अध्यक्ष महोदय, माझी हरकत अशी. प्रत्येक घराला एक नारळ आणि एक आंबा दिलात, तर पंधरा वर्षांनी प्रत्येक भिंतीवर एक तक्रार अर्ज येईल. म्हणून ठरावात दुरुस्ती सुचवतो.

एक, रोप सरसकट देऊ नका. प्रत्येक सभासदाकडून प्लॉटचा साधा नकाशा घ्या आणि यादीतून त्याला बसेल ते रोप द्या. ज्यांना जागा नाही त्यांना तुती आणि तोंडलीची काडी, ती मी देतो, बिलाशिवाय.

दोन, मोठी झाडं आपल्या मोकळ्या भूखंडावर लावा. दोन जांभळं, दोन फणस, एक चिंच, पश्चिमेच्या कडेला वारा अडवायला चार नारळ, मध्ये पूर्ण अंतर सोडून. पाळी सुटलेल्या कामगारांना बसथांब्याशेजारी सावली मिळेल. फळ कुणाचं हा प्रश्न येऊ नये म्हणून आधीच लिहून ठेवा : झाडाखाली पडलेलं ज्याला सापडेल त्याचं, उतरवलेलं सगळ्या घरांना सारखं.

तीन, भिंतीपासून सहा फुटांच्या आत मोठं झाड लावायचं नाही, असा एक ओळीचा नियम करा. माझ्या नावानं केलात तरी चालेल.

रोप आणलंत की लावण्याआधी रविवारी सकाळी माझ्याकडं घेऊन या. जोड बघून देतो. पेन्शनर माणूस आहे, घरीच असतो. मला विचारतात, या वयात तुम्ही स्वतःसाठी काय लावणार? पपई. वर्षाच्या आत फळ. आणि तुमच्या नातवंडांसाठी भूखंडावर फणस, पहिला खड्डा मी घेणार. शेजारी घमेलं धरतो म्हणालेत.